उसनी झोप

नवऱ्याचं मन दुसऱ्या बाईवर गेलं तर बायकोला भांडता येतं. माहेरी जाता येतं, चार माणसं जमवता येतात, अगदीच झालं तर त्या बाईच्या दारात जाऊन तिच्या झिंज्या धरता येतात. पण नवऱ्याला रोजची झोपच दुसऱ्या बाईकडून येत असेल, आणि ती डॉक्टरांनीच लिहून दिलेली असेल, तर भांडायचं कुणाशी? वैजयंता खारगेला हा प्रश्न पडला होता आणि अख्ख्या इचलकरंजीत त्याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं.

त्या दिवशी ती मेंडिंगवरून घरी आली तेव्हा ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. मेंडिंग म्हणजे मागावरून उतरलेलं कापड पसरून त्यातले दोष शोधायचे, गाठी काढायच्या, तुटका धागा धाग्याला मिळवायचा. जुने खडखडणारे माग केव्हाच भंगारात गेले होते. आता हवेच्या झोतावर चालणारे माग होते आणि कापड कॅमेऱ्याखालून सरकायचं. कॅमेरा एकूण एक दोष पकडायचा, पण कुठला दोष गिऱ्हाईक चालवून घेईल आणि कुठला घेणार नाही, हे त्याला अजून कळत नव्हतं. म्हणून वैजयंतासारख्या बायकांची कामं टिकली होती. दिवसभर दोषच बघायचे म्हटल्यावर घरी आल्यावर नजर कशी बदलणार?

"वैजू, वाढ की लवकर," उत्तम मोबाइलकडे बघत म्हणाला. "जोडीदार जेवायला बसलाय."

"बसू दे. माझी शेगडी अजून तापली न्हाई."

"मग दुपारची भाकरी दे. चालंल मला."

दुपारची भाकरी चालेल! ज्या माणसाच्या घशाखाली इतकी वर्षं तव्यावरून ताटात पडलेल्या भाकरीशिवाय घास उतरत नव्हता, तो म्हणतो दुपारची चालेल. वैजयंतानं ताट आदळलं. उत्तमनं ते निमूटपणे ओढून घेतलं, जेवला, हात धुतला, आणि भिंतीवरचं ऊन उतरायच्या आत त्याला जांभई आली. वैजयंता कारखान्यातल्या दिवाणजींचं आणि नव्या मालकाचं काय वाजलं ते सांगत होती. गोष्ट ऐन रंगात आली होती. मालकानं चष्मा फेकला, इथपर्यंत आली आणि तिनं मान वळवून बघितलं तर नवरा गाढ झोपलेला. पोटावर चिकटवलेल्या चपट्या पंपाचा हिरवा दिवा मंद उजळत होता.

"झोपली वाटतं तुमची बाई," ती भिंतीला म्हणाली.

जोडीदार बाईच आहे, असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं. दवाखान्यानं नाव, गाव, वय, काहीच कळू दिलं नव्हतं. पण वैजयंताची खात्री होती. एखादा पुरुष इतक्या शहाण्यासारखा रोज वेळेवर जेवून झोपेल, हे तिला पटणं शक्य नव्हतं.

उत्तम जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग रात्रीही बिघडतात, म्हणून निम्मं आयुष्य त्यानं रात्रपाळीत काढलं. लख्ख दिव्यांखाली जागायचं, पहाटे वडा-पाव खायचा आणि दिवसा पत्र्याच्या घरात तळमळत पडायचं. चाळिशी उलटायच्या आत साखर लागली. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. एक दिवस बुटात गेलेला लोखंडाचा कीस टाचेत रुतून बसला तरी याला पत्ता नाही. जखम झाली आणि ती काही भरेना. वैजयंता दोन वेळा ती धुवायची, पट्टी बदलायची, रात्री उठून पाय उशीवर नीट ठेवायची. शेवटी हेब्बाळकर डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पाऊल काढावं लागेल.

मग त्यांनी या नव्या उपचाराचं सांगितलं. जॉबरला समजेल अशा भाषेत सांगितलं, हे त्यांचं मोठेपण.

"उत्तमराव, मेंदूच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते. त्यानं झोप येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम फार थोड्यांना ठाऊक असतं. शरीरात पेशींची एक फौज जंतूंशी, जखमांशी लढत असते. लढाई म्हटली की धग आली, तिला आम्ही दाह म्हणतो. रात्री ती धग निवावी लागते. मेलाटोनिन म्हणजे त्या फौजेसाठी पाळी सुटल्याचा भोंगा."

"आणि माझा भोंगा?"

"बंद पडलाय. रात्रपाळीनं बंद पाडलाय. वर साखर त्या फौजेला सारखी डिवचते. पाळी संपली तरी कामगार माग सोडेनात. कापड निघत नाही, नुसतं बेअरिंग तापतंय. त्या तापात नवी कातडी धरणार कशी?"

"मग भोंग्याची गोळी द्या की."

डॉक्टर हसले. गोळ्या देऊन झाल्या होत्या. रोज तोच डोस, त्याच वेळी. थोड्या दिवसांत शरीराचे कान बधिर व्हायचे. मग संगणकानं हुबेहूब झोपेसारखा चढउतार तयार करून पंपातून सोडून बघितला. तोही काही आठवडेच चालला. पाठ केलेलं भाषण शरीर ओळखतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. चाललं ते एकच: खऱ्या, जिवंत, चांगल्या झोपणाऱ्या माणसाच्या दंडावर पट्टी चिकटवायची, त्याच्या अंगात मेलाटोनिन जसं चढेल-उतरेल तसं ते क्षणोक्षणी मोजायचं आणि रुग्णाच्या पोटावरच्या पंपानं तसंच्या तसं सोडायचं. फक्त दोघांची जनुकं जुळायला हवीत. आणि जेवण जोडीदाराच्याच वेळेला, कारण मेलाटोनिन चढल्यावर इन्सुलिन मंदावतं. त्यात जेवलं तर साखर भडकणार. जोडीदार कधी जेवला, कधी झोपला, हे ती पट्टीच मोबाइलवर कळवायची.

"मग दुसरं कुणी कशाला?" वैजयंता म्हणाली होती. "मी हाय की. माझीच झोप द्या त्यांना."

तिची चाचणी झाली. जनुकं जुळली. वैजयंताला आपली पत्रिकाच नव्यानं जुळल्यासारखं वाटलं. पण आठवडाभरानं डॉक्टर आलेख बघून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुमची झोप कच्च्या सुतासारखी आहे. घडीघडीला तुटते. ही त्यांना दिली तर पाय आणखी बिघडेल."

राग मानू नका, म्हणे. जखम धुतली तिनं, रात्री जागवल्या तिनं, वडाला दोरे गुंडाळून उपास केले तिनं, आणि पाय वाचवणार कोण, तर कुठली तरी ढाराढूर झोपणारी बया! जागणारीला शिव्या आणि झोपणारीला पुण्य, असा न्याय तिनं जन्मात पाहिला नव्हता.

वाईटात वाईट म्हणजे उपचार लागू पडला. जखमेच्या कडा निवल्या, गुलाबी कातडी धरू लागली. उत्तम सकाळी उठून गाणं गुणगुणायचा. झोपायच्या आधी मोबाइलसमोर हात जोडायचा. "कोण असंल ते असू दे, देवमाणूस हाय," म्हणायचा. वैजयंताच्या पोटात काटा रुतायचा. तिला कुणी हात जोडले नव्हते.

एका संध्याकाळी त्यानं ताटच बाजूला सारलं.

"का ओ? बरं वाटत न्हाई?"

"जोडीदारानं आज काय खाल्लं न्हाई. उपास दिसतोय. मग मी पण दूधच घेतो."

"वटपौर्णिमेला मी पाणीसुद्धा घेत न्हाई तुमच्यासाठी," वैजयंताचा आवाज चढला, "त्या दिवशी तुम्ही समोर बसून मिसळ हाणता! आणि हिच्यासाठी उपास?"

उत्तमनं मोठी जांभई दिली.

त्या रात्रीपासून ती त्या बाईचा छडा लावायच्या कामाला लागली. दोष एकदा येतो तेव्हा तो अपघात असतो, ठरावीक अंतरानं आला की तो मागातला बिघाड, हे मेंडिंग करणारीला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं उत्तमच्या मोबाइलमधले मागचे आलेख उलगडले आणि शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर धरलं. उपास अष्टमीला, उपास चतुर्दशीला. रोजचं जेवण दिवस मावळायच्या आत. भादव्यात तर सलग काही दिवस एकवेळचं जेवण. या मुलखात राहणाऱ्याला याहून जास्त काय सांगायला हवं? माणूस जैन होता.

उरलेलं काम एका होऊ घातलेल्या नगरसेवकानं केलं. दवाखान्यानं कोण कुणाचा जोडीदार हे जिवापाड लपवलं होतं. पण परिसरातल्या झोपदात्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि या गृहस्थांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला: 'झोपदान हेच महादान!' मधे त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो आणि भोवती दात्यांची पासपोर्टएवढी तोंडं, नावगावासकट. त्यात नावावरून जैन वाटणारे दोघे होते. एक निवृत्त मास्तर, आणि दुसरी त्रिशला मगदूम, हुपरी. वैजयंतानं मास्तरांकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

हुपरी म्हणजे चांदीच्या पैंजणांचं गाव. घराघरांत बायका कड्या जोडत, घुंगरू ओवत बसलेल्या असतात. वैजयंता गिऱ्हाईक म्हणून गेली. दार उघडलं ती तिच्याच वयाची, स्थूल बाई. केसांत पांढरं बरंच, पदराला चांदी उजळायच्या पावडरीचे डाग. फ्लेक्सवरच्या फोटोत ती बरी दिसत होती. वैजयंताला क्षणभर हायसं वाटलं. पण क्षणभरच. कारण त्या बाईचा चेहरा! डोळ्यांखाली काळं नाही, कपाळाला आठी नाही, लहान मुलासारखी नितळ कातडी. अशा तोंडाचा वैजयंताला रूपापेक्षा जास्त हेवा वाटला.

"या की अक्का, बसा. पाणी घ्या. काय बघालाय, रोजच्या वापरातले का लग्नातले?"

बाई बोलकी होती. नवरा काही वर्षांपूर्वी गेला, मुलगा नाशकात, ती आणि एक मांजर. "काल या मांजरानं डबा पाडला आणि पहिल्या झोपंत दचकून उठले बघा. न्हाईतर मी पडल्या पडल्या दगड." काल पहिल्या झोपेत उत्तमही दचकून उठला होता आणि पाणी पिऊन परत झोपला होता. वैजयंतानं हातातलं पैंजण खाली ठेवलं.

मग त्रिशलानं तोंडावर हात धरून मोठी जांभई दिली. "दिवस कलला की सुरू होतंय माझं," ती हसत म्हणाली.

त्या क्षणी घरी खुर्चीत बसलेला उत्तम तोंड पसरत असणार, हे वैजयंताला डोळ्यांसमोर दिसलं, आणि ठरवून आलेलं सगळं ती विसरली.

"तुमची जांभई कुठं जातीय ठाऊक हाय का तुम्हाला?" ती म्हणाली. "माझ्या घरात जातीय. माझ्या नवऱ्याच्या तोंडात."

त्रिशला आधी बघतच राहिली. मग कळलं तेव्हा तिचा चेहरा फुलला. "व्हय? तुमचे मालक? अगं बाई! पाय कसा हाय त्यांचा?"

तिनं इतक्या मायेनं विचारलं, तिथंच बिघडलं. ती ओशाळली असती, गडबडली असती, तर वैजयंता तिथूनच परत फिरली असती. पण माझ्या नवऱ्याच्या पायाची चौकशी हिनं करावी?

"पाय तुमच्या झोपेवर टांगलाय," वैजयंता उठत म्हणाली. "एक रात जरी तुम्ही जागलात तर पाऊल कापायला लागंल, असं डॉक्टर म्हणालेत. तवा नीट झोपत जावा. आमचा संसार हाय त्याच्यावर."

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. एका रात्रीनं काही होत नसतं. पण त्या नितळ तोंडावरचं हसू मावळलेलं बघून वैजयंताला फार दिवसांनी गार वाटलं. ती पैंजण न घेताच बसमध्ये बसली.

त्या रात्री उत्तमला झोप आली नाही. पंपाचा दिवा पेटलाच नाही. मोबाइलवर सारखं येत राहिलं: जोडीदार जागा आहे.

खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस वैजयंताचे सुखाचे गेले. नवरा परत तिचा झाला होता. तिनं चहा केला, दिवाणजींची गोष्ट चष्म्यापासून पुढं पूर्ण सांगितली, उत्तम पोट धरून हसला. दोघं उंबऱ्यात बसली. तिसऱ्या की चौथ्या रात्री उत्तमनं विचारलं, "मला तर जोडीदारामुळं झोप न्हाई. पण वैजू, तू का गं जागी असतीस कायम?"

"सवय."

"कसली?"

"तुमच्या रातपाळीची," ती म्हणाली. "पहाटं कडी वाजायची. वाजली म्हणजे तुमचे हातपाय शाबूत घरी आले. मागात बोटं गेलेली माणसं बघितली होती मी. कान दाराला लावून पडायचं, तसाच राहिला कान."

उत्तमनं तिचा हात घेतला आणि तसाच धरून बसला. हे सुख आपण कुठून आणलंय, हे वैजयंताला चांगलं ठाऊक होतं. उद्या थांबवू, उद्या सांगू, असं म्हणत तिनं ते पुरवून पुरवून खाल्लं.

मग पट्टी सोडताना वास आला. गुलाबी कातडीच्या कडा पुन्हा लाल झाल्या होत्या आणि घोट्यापर्यंत पाय गरम लागत होता. इतका जपून भरत आणलेला दोष एका झटक्यात उसवला होता आणि उसवणारा हात तिचाच होता.

हेब्बाळकर डॉक्टरांनी आलेख दोनदा मागे-पुढे करून बघितला. "जोडीदाराची झोपच उडालीय. कारण विचारलं तर सांगत नाहीत. दुसरं जुळणारं कुणी नाही आपल्याकडे. आणखी थोडे दिवस वाट बघू, नाही तर पाऊल..." मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मागे एका दात्याला कसं कोण जाणे कळलं, की आपल्या झोपेवर कुणाचा जीव आहे. त्या दिवसापासून त्यांचा डोळा लागला नाही. झोप ही जबाबदारी म्हणून येत नाही हो. आम्ही नावं लपवतो ती याचसाठी."

घरी आल्यावर वैजयंतानं नवऱ्याला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. कॅलेंडर, फ्लेक्स, हुपरी, आणि ते खोटं वाक्यसुद्धा.

उत्तमचा चेहरा पांढरा पडला. "माझा पाय गं तो!" तो ओरडला. "त्या बाईनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"काय न्हाई मारलं. तुम्ही तिला हात जोडायचा ते मला बघवंना."

"हात जोडायचो म्हणून?"

"मला कधी जोडलं न्हाईत," वैजयंता म्हणाली आणि तिला रडू फुटलं. रडता रडताच तिनं पिशवी भरली. "रागवा, शिव्या द्या, परत आल्यावर द्या. शेजारच्या वहिनींना ताट द्यायला सांगितलंय. मी हुपरीला चाललेय. तुमची झोप मी घालवली, मीच आणून देते."

त्रिशलानं दार उघडलं तेव्हा वैजयंताला आरशात बघितल्यासारखं झालं. डोळे खोल गेलेले, खाली काळं, कपाळाला आठी. हेव्यानं जे मागितलं होतं ते देवानं मापून दिलं होतं.

"अक्का, मी पट्टी काढली न्हाई हो," त्रिशला आधीच बोलू लागली. "दिवा मालवून पडते. डोळं मिटते. पण मिटलं की वाटतंय, आता झोपलीस तर बरं, आता झोप, आता झोप..."

"मी खोटं बोलले," वैजयंता उंबऱ्यातूनच म्हणाली. "एका रातीनं पाय जात न्हाई. मी जळत होते तुमच्यावर. म्हणून बोलले. चूक झाली माझी."

त्रिशला खाली बसली. मांजर तिच्या मांडीवर चढलं, तिनं ते उतरवलं.

"तेवढंच न्हाई अक्का. आमचे हे गेले ना, ते माझ्या शेजारी गेले. झोपंत. छातीत दुखलं असंल, हाक मारली असंल, मला काय ठाऊक? मी दगडागत झोपलेली. सकाळी हात लावला तर गार. सासूबाई मरंपर्यंत म्हणत होत्या, कुंभकर्णीण, नवरा मेला तरी उठली न्हाई. दवाखान्यानं झोप मागितली तवा वाटलं, चला, या मेल्या झोपेचं कुणाला तरी भलं होतंय. आणि तुम्ही आलात. आता डोळा लागायला लागला की वाटतंय, मी झोपणार आणि पलीकडं माणूस जाणार. मी झोपले की कुणी तरी जातंय."

वैजयंता आत आली, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरली. ऊन अजून परसात होतं. तिनं भाकऱ्या केल्या, मुगाची आमटी केली. कांदा-लसणाला हात लावला नाही. दोघी दिवस असताना जेवल्या. मग तिनं त्रिशलाचं अंथरूण घातलं, तिच्या डोक्यावर तेल थापलं आणि आपण तिथेच भिंतीला टेकून बसली.

"झोपा आता. मी जागी हाय."

"तुम्ही?"

"काय झालं, कुणाचा फोन आला, कुणाचा श्वास जरी चुकला तर मी उठवीन तुम्हाला. शपथ."

"आणि तुमचाच डोळा लागला तर?"

वैजयंताला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसू आलं. "माझा? बाई, डॉक्टरांचा दाखला हाय माझ्याकडं. माझ्याएवढी जागणारी या जिल्ह्यात सापडायची न्हाई."

तरी त्रिशला छताकडे बघत पडून राहिली. अंधारल्यावर तिनं दोनदा हळूच विचारलं, "अक्का, हायसा ना?" बोललं की झोप मोडते. वैजयंतानं थोडा विचार केला आणि पिशवीतून मेंडिंगचा दोरा काढला. एक टोक त्रिशलाच्या बोटाला सैलसं बांधलं, दुसरं आपल्या.

"बोलू नका. शंका आली की नुसतं ओढा. मी जागी असले की इकडून ओढीन."

थोड्या वेळानं बोटाला ओढ बसली. वैजयंतानं उत्तर दिलं. पुन्हा ओढ, पुन्हा उत्तर. मग जरा जास्त वेळ गेला. पुन्हा एक ओढ, पण हलकी. वैजयंतानंही हलकीच दिली.

मांडीवरचा मोबाइल थरथरला. तिनं तो कानाला लावला.

"वैजू," उत्तमचा आवाज जड होता, "दिवा पेटलाय गं पोटावरचा. कसं काय केलंस?"

"काय न्हाई. बसलेय नुसती."

"मी रागावलो व्हतो मगाशी..."

"परत आल्यावर रागवा म्हटलं की."

"न्हाई, ऐक की. मी काय म्हणतो, तू आलीस की मी तुला..." आणि एक लांब जांभई. पुढचं वाक्य आलंच नाही. त्याच्या जागी घोरणं आलं.

फोन ठेवावा असं वैजयंताला वाटेना. कानात नवऱ्याचा श्वास होता आणि समोर अंधारात त्रिशलाचा. दोन्ही संथ, खोल, अगदी एका तालात चाललेले. मधे ती, भिंतीला टेकून, टक्क जागी. पोटातला तो जुना काटा पुन्हा एकदा रुतला. काय मेली झोपते, तिनं मनात म्हटलं. मलाही अशी आली असती एकदा तर!

मग तिनं खात्री करायला दोरा हळूच ओढला. पलीकडून उत्तर आलं नाही. तिनं वाकून त्रिशलाचं पांघरूण नीट केलं आणि दोरा बोटाला तसाच ठेवून, दाराकडे कान लावून, बसून राहिली.